आवर्तसारणी, सप्रेम भेट

सोलापुरात मी केमिस्ट्री शिकवतो असं कुणाला सांगितलं की समोरच्याचा चेहरा उजळतो आणि तो म्हणतो, "म्हणजे तुम्ही मॅडमचे मिस्टर." बँकेत हे झालंय, दवाखान्यात झालंय, एकदा तर टेंभुर्णीच्या स्टँडवर उसाचा रस पिताना झालं. रसवाला कधीकाळी तिच्या वर्गात होता.

"व्हय का? मॅडमचं मिस्टर तुमी?" म्हणाला आणि हसायला लागला. "मग पैशाचं काय काढताय सर. आमच्या मॅडम म्हंजे लई भारी हायत."

त्यानं पैसे घेतले नाहीत. रस लिंबू-आलं घातलेला, चांगला होता. मला तो गोड लागला नाही. आणि त्याच्या हसण्यात काहीतरी होतं, जे मला आवडलं नाही. तिचे सगळे जुने विद्यार्थी मला बघून असंच हसतात. नमस्कार करतात, आदर असतो, पण ओठांच्या कोपऱ्यात कसलीशी गंमत दाबून धरलेली असते.

मी माझ्या बायकोवर जळतो. लोक भावाच्या विहिरीवर जळतात, शेजाऱ्याच्या गाडीवर जळतात, ते सगळ्यांना समजतं. बायकोवर जळणारा नवरा म्हटलं की मात्र भुवया वर जातात. तिचा स्वयंपाक, तिचा आवाज, चार माणसं जोडायची हातोटी हे तिचं तिला लखलाभ. माझं जळणं एकाच जागी आहे. आवर्तसारणी. नववी-दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात चौकटीचौकटींचा जो तक्ता असतो, हायड्रोजनपासून सुरू होणारा, तो. तो तक्ता शिकवावा तर मॅडमनीच, असं या गावात ठरून गेलंय, आणि मी त्याच गावात आयुष्यभर तोच तक्ता शिकवत आलो.

मी शहराच्या या टोकाला ज्युनिअर कॉलेजात, ती पूर्व भागात एका हायस्कुलात. तिथली निम्मी मुलं घरात तेलुगू बोलणारी, विणकरांची. तीही त्यांच्यातलीच. तिच्या माहेरी माग आहेत. आधी घरातच होते, आता अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शेड आहे आणि धाकटा भाऊ बघतो. मी नातेपुत्याकडचा, ज्वारी आणि शेरडांच्या घरातला. आमचं लग्न दोन्हीकडच्या लोकांनी बऱ्याच कुरकुरीनंतर मान्य केलं. ते असो.

गोष्ट माझी होती, हे मला आधी सांगायचंय. लग्न होऊन थोडेच महिने झाले होते. दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. सकाळी नळाला पाणी आलेलं. आमच्याकडे ते काही दिवसांआड येतं, आणि त्या पाण्याच्या दिवशी घरातल्या सगळ्यांना जास्तीचं काम असतं. ती आत भरत होती, मी भांडी बाहेरच्या ओट्यावर आणून लावत होतो. भांडी तिच्या रुखवतातली. मला आपली सवय, मोठ्याकडून लहानाकडे रांग लावली. हंडा, घागर, मग मध्ये जागा राहिली, मग तांब्या. मधली कळशी शेजारणीनं नेली होती.

मी तिला हाक मारली आणि म्हणालो, हे बघ, रशियात त्या माणसानं हेच केलं. नाव मी घेत नाही, शाळेत सगळ्यांनी घोकलंय. त्या काळी साठेक मूलद्रव्यं माहीत होती. हलक्यापासून जडापर्यंत त्यानं ती रांगेत लावली, आणि ठराविक अंतरानं तोच गुण पुन्हा येतो असं दिसलं की खाली नवी ओळ सुरू केली. म्हणजे एकासारखं दुसरं त्याच्या खाली आलं. एवढं इतरांनाही सुचत होतं. एका इंग्रजानं तर त्याआधी संगीतातल्या सप्तकासारखी मांडणी केली होती, आणि भर सभेत कुणीतरी त्याला खवचटपणे विचारलं होतं की अक्षरांच्या क्रमानं लावून बघितलंत का. रशियन माणसानं वेगळं काय केलं? जिथं रांग बिघडायला लागली तिथं त्यानं ओढूनताणून पुढचं मूलद्रव्य बसवलं नाही. घर रिकामं ठेवलं. वर छातीठोकपणे सांगितलं की इथलं अजून सापडलेलं नाही, पण सापडेल, आणि ते असं असं असेल. त्या घरांना नावं देताना त्यानं आपल्या संस्कृतातला 'एक' घेतला. एक-अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या खालचं पहिलं. पुढे फ्रान्समध्ये एकाला ते खरंच सापडलं, तर ह्यानं रशियातून कळवलं की तुमची घनता चुकलीय, पुन्हा मोजा. त्यानं पुन्हा मोजली. चुकलीच होती.

"रांगेत जागा आहे म्हणजे भांडं आहेच," मी म्हणालो. "शेजारी गेलंय एवढंच. केवढं आहे, कशाचं आहे, मी न बघता सांगतो."

तिनं पदराला हात पुसले. "सांगा बघू," म्हणाली.

मी सांगितलं. थोड्या वेळानं कळशी परत आली, मी सांगितलेल्या मापाचीच. ती हसली आणि पुन्हा नळाशी गेली. नळाचं पाणी तेवढ्यात गेलं होतं.

पुढच्या वर्षी तिनं वर्गात दोरी बांधली. माहेरच्या कारखान्यातून टॉवेलचे काप आणले, रंगीत, हातभर लांबीचे. एक काप म्हणजे एक मूलद्रव्य, त्यावर मार्करनं वजन लिहिलेलं. पाण्यात टाकलं की पेट घेतात त्या जातीचे धातू लाल, क्लोरीनच्या जातीचे हिरवे, असं. मुलांनी ते वजनाच्या क्रमानं दोरीवर चिमट्यांनी वाळत घालायचे, लाल पुन्हा आला की खालची दोरी. मुलं भांडतात, काढतात, पुन्हा लावतात. मध्येच सगळा घोळ होतो, पुढचे रंग भलत्याच रंगांखाली यायला लागतात. ती काही बोलत नाही. शेवटी कुणीतरी म्हणतं, "बाई, हितं एक चिमटा मोकळा सोडायचा का?" मग ती विचारते, मोकळ्या चिमट्याचा रंग कुठला, वजन किती. मुलं वरचं-खालचं, डावं-उजवं बघून सांगतात. आणि ती पर्समधून तो एक काप काढते.

हे मी एकदा वर्गाच्या खिडकीतून पाहिलंय. घराची किल्ली द्यायला गेलो होतो. काप पर्समधून निघाला तेव्हा वर्गात जो गलका झाला, तसा माझ्या कुठल्याही वर्गात कधी झाला नाही. मी किल्ली शिपायाकडे ठेवून परत आलो. रस्ताभर माझ्या पोटात दुखत होतं. भांड्यांच्या जागी चिंध्या, बाकी गोष्ट माझी. पिकवलं मी आणि बाजार हिचा.

माझ्या वर्गात मी तक्ता भिंतीला लावून शिकवायचो. कापडी पाठीचा, घड्यांवर फाटलेला. मूलद्रव्यांच्या आद्याक्षरांचं एक यमक करून दिलं होतं, मुलं ते ओरडून म्हणायची आणि परीक्षा झाली की विसरायची. मलाही दोरी बांधता आली असती. पण तिनं बांधल्यावर मी कशी बांधणार? लोक म्हणाले असते, बायकोचं बघून करतो.

त्या दिवसांत मला एक जर्मन प्राध्यापक फार जवळचा वाटायला लागला. रशियन माणसाच्याच वेळी त्याच्याकडेही तक्ता होता. चांगला होता, काही ठिकाणी त्याहून नीट होता. त्यातही मोकळ्या जागा होत्या. पण अमुक जागी अमुक येणार असं छाती ठोकून म्हणायचं धाडस त्याला झालं नाही. पुढे इंग्लंडातल्या शास्त्रज्ञांनी दोघांना मिळून पदक दिलं. तरी आज तक्ता कुणाचा म्हणतात? त्या जर्मनाबद्दल मी वर्गात इतकं बोलायचो की मुलांना वाटायचं परीक्षेत तो येणार आहे. तो कधीच यायचा नाही.

मी तिला कधी विचारलं नाही, की अगं, हे तुला सुचलं कुठून. विचारलं असतं आणि ती म्हणाली असती, आठवत नाही, तर? मग माझ्याकडे तेवढंसुद्धा राहिलं नसतं.

यंदा मी रिटायर झालो. आमच्या कॉलेजात एक रीत आहे. जाणारा माणूस संस्थेला काहीतरी देऊन जातो आणि त्यावर त्याचं नाव असतं. कुणी पंखा दिलाय, कुणी घड्याळ, एकानं स्टाफरूमला वॉटर फिल्टर दिलाय आणि तो बंद पडून नाव तेवढं चालू आहे. माझ्या मनात बरेच दिवस होतं. प्रयोगशाळेच्या नव्या भिंतीवर विणलेली आवर्तसारणी. आजची नव्हे, ती पहिली. साठेक मूलद्रव्यांची, आणि बोरॉन, अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन यांच्या खालची तीन घरं कोरी ठेवलेली. खाली काठात सप्रेम भेट आणि माझं नाव. आयुष्यात एकदा, माझ्या कॉलेजात, माझ्या निरोपाच्या दिवशी तरी हा तक्ता माझा म्हणून भिंतीवर जावा, एवढंच मला हवं होतं.

सोलापुरात विणून घ्यायचं म्हटल्यावर मेहुण्याला डावलून दुसऱ्याकडे जाणं शक्य नव्हतं. त्याची शेड म्हणजे कानात बोटं घालूनही ऐकू येणारा आवाज. तो मला 'बावा' म्हणतो, त्यांच्यात बहिणीच्या नवऱ्याला तसंच म्हणतात, आणि बहिणीला 'अक्का'. मी ग्राफपेपरवर सगळा तक्ता काढून नेला होता. दोन आठवडे त्यावर घालवले होते. मेहुण्यानं कागद उजेडात धरला.

"बावा, हितं तीन डबे रिकामे दिसायलेत."

"रिकामेच ठेवायचे. मुद्दाम आहेत."

"असं मधी रिकामं सोडत नसतेत बावा. बघणारा म्हणतोय, हितं धागा तुटला, माल सेकंडचा आहे."

मी त्याला सगळी गोष्ट सांगितली. रशिया, फ्रान्स, घनता. मागांच्या आवाजात ओरडून सांगितली. तो मान हलवत होता. शेवटी "सरे, सरे" म्हणाला. त्यांच्यात सरे म्हणजे ठीक आहे. मी समाधानानं चहा प्यायलो आणि निघालो. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात माझं पूर्ण नाव मी ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं.

हिला मी काही सांगितलं नाही. कॉलेजला काहीतरी भेट देतोय, तुझ्या भावाकडे करायला टाकलंय, एवढंच. ती म्हणाली बरं.

कापड वेळेत आलं नाही. निरोप समारंभाच्या सकाळी मेहुणा ते गुंडाळी करूनच थेट कॉलेजात घेऊन आला आणि ही पहिल्या रांगेत बसली होती तिच्या शेजारी बसला. प्राचार्यांचं भाषण झालं. माझ्याबद्दल ते शिस्तप्रिय असं तीनदा म्हणाले. मग दोन शिपाई खुर्च्यांवर चढले आणि त्यांनी गुंडाळी सोडली.

कापडाच्या पिवळ्या जमिनीवर मरून रंगाची अक्षरं. रंग छान उतरले होते, एकही चौकट वाकडी नव्हती. आणि माझ्या तीन कोऱ्या घरांत तीन फुलं होती. मोठी, आठ पाकळ्यांची, चादरीच्या काठावर असतात तसली. मी खाली काठाकडे बघितलं. सप्रेम भेट, आणि पुढे हिचं नाव. आधी माहेरचं आडनाव, मग सासरचं.

मेहुण्याची चूक म्हणावी तर त्याच्या हिशेबी ती चूक नव्हतीच. नंतर त्यानंच मला निरागसपणे सांगितलं. कागदाच्या कोपऱ्यातलं नाव कागद हरवू नये म्हणून असतं, ते पार्टीचं नाव. विणायचं नाव तोंडी सांगतात. मी सांगितलं नव्हतं. आणि त्यांच्या घरात, घरच्या मागावर नात्यातलं कापड निघालं तर त्यावर लेकीचं नाव घालतात, जावयाचं नाही. आमच्या मुलीच्या लग्नातल्या चादरींवरसुद्धा हिचंच नाव होतं. मी ते पाहिलं होतं. तेव्हा मला त्याचं कौतुकही वाटलं होतं. फुलांचं म्हणाल तर अक्काच्या नावाचं कापड, त्यात तीन भोकं कशी सोडायची? तो उलट जास्तीचं काम करून आला होता.

सभागृहात टाळ्या झाल्या. मी व्यासपीठावर हसरा चेहरा करून उभा होतो. माझ्या नाकाला मिरच्या झोंबत होत्या. अकरावीच्या एका मुलीनं मागून विचारलं, "सर, टेबलमध्ये फुलं का आहेत?"

मी तोंड उघडलं. पण प्राचार्यांनी काठावरचं नाव वाचलं होतं. "मॅडम, हे तुम्हीच सांगा," म्हणाले आणि माईक खाली दिला.

ती उठली. तिनं आधी कापडाकडे नीट बघितलं, मग भावाकडे, मग माझ्याकडे. तिला सगळं कळलं होतं. बायकोला कळतं.

"ज्यांनी हा तक्ता केला, त्यांना इथं काय येणार ते माहीत होतं," ती म्हणाली. "फक्त यायचं बाकी होतं. म्हणून त्यांनी जागा धरून ठेवली. माझ्या भावाला वाटलं, कुणी येणारच आहे तर जागा उघडी कशाला ठेवायची. पाहुण्यांसाठी आपण आधी सतरंजी टाकतोच की."

झालं. मी चाळीस मिनिटं लावायचो ते तिनं चार-पाच वाक्यांत संपवलं, तेही मेहुण्याच्या घोटाळ्याच्या जोरावर. मुलं फुलांकडे मान वर करून बघायला लागली. मला वाटलं, आता बसेल. ती बसली नाही.

"आणि कापडावर नाव माझं पडलंय, पण हे मला शिकवलं यांनी," ती म्हणाली. "लग्नाचं पहिलं वर्ष होतं. पाण्याचा दिवस होता."

मग तिनं सगळं सांगितलं. ओटा, हंडा, घागर, रिकामी जागा. तिला प्रत्येक भांडं आठवत होतं. मी खुर्चीचा हात धरून खाली बसलो. इतकी वर्षं मी ज्याला भीत होतो, ते झालंच नव्हतं. ती विसरली नव्हती. माझे डोळे भरून आले, हे खरंय. तेवढ्यात ती म्हणाली, "यांनी न बघता सांगितलं, कळशी आहे, एवढ्या मापाची, आणि स्टीलची. शेजारीण घेऊन आली, माप बरोबर, पण कळशी पितळेची."

सभागृह हसून लोळलं. प्राचार्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. पितळेची होती? मी कळशीचं माप लक्षात ठेवलं होतं, धातू विसरलो होतो. केमिस्ट्रीचा माणूस, आणि नेमका धातू.

कार्यक्रमानंतर लोक हार-शाल घेतलेल्या माझ्याशी हात मिळवत होते आणि तिच्याशी बोलत होते. "मॅडम, किती मोठं मन तुमचं. सगळं श्रेय सरांना देऊन टाकलंत." श्रेय माझंच होतं. ते मला दिल्याबद्दल वाहवा तिची झाली.

घरी जाताना स्कूटरवर ती मागे बसली होती, मांडीवर नारळ. सात रस्त्याच्या सिग्नलला मी मान न वळवता विचारलं, "तुला आठवत होतं?"

"न आठवायला काय झालं? दरवर्षी वर्गात सांगते की."

"काय सांगतेस?"

"हेच. दोरी बांधायच्या आधी. माझे मिस्टर केमिस्ट्रीचे सर आहेत, त्यांनी मला भांड्यांवरून हे शिकवलं. तिथूनच सुरुवात करते."

सिग्नल सुटला. मागची रिक्षा हॉर्न वाजवत होती. मी गाडी बाजूला घेतली.

"पितळेसकट?"

"मग? तिथंच तर पोरं हसतात," ती म्हणाली. "आणि अंदाज चुकला तरी जागा बरोबर होती, हे त्याशिवाय त्यांना कसं कळणार?"

म्हणजे बँकेतला तो, दवाखान्यातला तो, टेंभुर्णीचा रसवाला. या गावातली शेकडो माणसं मला कळशीसकट ओळखतात. मी त्यांच्या हसण्याचा राग धरून बसलो होतो आणि ते मला त्या तक्त्याचा मूळ माणूस म्हणून बघत होते. हे कळल्यावर माझं जळणं संपायला हवं होतं. नाही संपलं. माझी गोष्ट ती माझ्यापेक्षा चांगली सांगते, हे तर आता पुराव्यानिशी कळलं होतं.

गेल्या आठवड्यात पेन्शनच्या कामाला सरकारी कचेरीत गेलो होतो. टेबलामागच्या तरुण बाईंनी कागदांवर कॉलेजचं नाव, विषय वाचला, पत्ता वाचला आणि वर बघितलं. ओठांच्या कोपऱ्यात ती ओळखीची गंमत आली.

"सर, म्हणजे तुम्ही मॅडमचे…"

"हो," मी म्हणालो. "मला ती स्टीलची वाटली होती."